ओह्रिद : तळं, किल्ला आणि क्लिमेंटची शाळा

पहिला दिवस, 23 मे

उत्तर मॅसेडोनियाच्या राजधानीतून, स्कोपियेहून, ओह्रिदला जाणाऱ्या बसमध्ये बसल्यापासून मी पाट्या वाचत होते. घरून निघण्याआधी महिनाभर सिरिलिक अक्षरं गिरवली होती. मॅसेडोनियन वर्णमालेत 31 अक्षरं आहेत आणि जसं लिहायचं तसं वाचायचं, म्हणजे मराठी माणसाला सोयीची. तेतोवो, गोस्तिवार, किचेवो अशी गावं मागे पडत होती. मी मोठ्यानं नावं वाचायचे आणि शेजारी बसलेली धाकटी बहीण नकाशावर बोट ठेवून "बरोबर, ताई" म्हणायची. भाचा व्हिएन्नात नोकरीला आहे. त्याच्याकडे महिनाभर राहायला गेलो होतो, त्यातले पाच दिवस मी हट्टानं ओह्रिदसाठी मागून घेतले होते.

हट्टाचं कारण सांगते. मी सातारची, निवृत्त मराठी शिक्षिका. गेली बारा वर्षं मोडी शिकते आणि शिकवते. जुनी खतं, पत्रं, हिशेबाच्या वह्या लोक घेऊन येतात आणि पणजोबांनी काय लिहिलंय ते विचारतात. लिपीच्या या नादातच कुठेतरी वाचनात आलं होतं की स्लाव लोकांना त्यांच्याच बोलीत लिहायला-वाचायला शिकवणारी एक फार जुनी शाळा बाल्कनमधल्या एका तळ्याकाठी भरत असे. तेव्हापासून ते गाव मनात होतं.

बसला साडेतीन तास लागले. शेवटच्या घाटाच्या वळणावर डोंगर बाजूला झाला आणि खाली निळं पाणी दिसलं. तळं म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे सातारचं मोती तळं येतं. हे तर 358 चौरस किलोमीटरचं. पलीकडचा काठ अल्बेनियात, संध्याकाळच्या धुरकट उजेडात नुसती डोंगराची रेघ. जास्तीत जास्त खोली 288 मीटर.

उतरलो ते जुन्या गावात, एका घराच्या वरच्या मजल्यावर. गल्ल्या अरुंद, दगडी पायऱ्यांच्या. घरांचे वरचे मजले खालच्यापेक्षा पुढे आलेले, त्यामुळे समोरासमोरच्या खिडक्या एकमेकींच्या कानात काही सांगायला वाकल्यासारख्या दिसतात. रस्त्यावरचे दिवेसुद्धा अशाच पुढे झुकलेल्या घराच्या आकाराचे. घरमालकीणबाई साठीच्या असतील. इंग्रजी त्यांना थोडं येत होतं, आम्हाला मॅसेडोनियन त्याहून थोडं. त्यांनी बोटांवर जिन्याच्या पायऱ्या मोजून दाखवल्या : एदेन, द्वा, त्री, चेतिरी, पेत, शेस्त, सेदुम, ओसुम, देवेत, देसेत. मी त्यांच्यामागोमाग संस्कृतातले आकडे म्हटले. द्वे, त्रीणि, चत्वारि. त्या थबकल्या, मग 'दश'ला त्यांनी माझा हातच धरला. पाण्याला 'वोदा', विस्तवाला 'ओगान'. आमचं उदक आणि अग्नी. बहीण म्हणाली, "अगं, आपण नात्यातल्या घरीच उतरलोय की!"

रात्री जेवायला तावचे ग्रावचे. पांढरा राजमा कांदा आणि लाल मिरचीच्या भुकटीबरोबर मातीच्या भांड्यात भट्टीत भाजतात. तिखट नाही, पण भाजल्या मिरचीचा वास असा की पोळी हवी होती असं वाटलं. मी शाकाहारी, बहीण मासे खाते. शाकाहारी माणसाची इथे उपासमार होत नाही, हे पहिल्याच रात्री कळलं.

दुसरा दिवस, 24 मे

ही तारीख मी ठरवून निवडली होती. 24 मे हा इथे संत सिरिल आणि मेथोडियस यांचा दिवस, देशभर सुट्टी. लिपीच्या नावानं अख्ख्या देशाला सुट्टी मिळते, याचं मला सकाळपासून अप्रूप वाटत होतं.

हे दोघे थेस्सालोनिकीचे भाऊ. 863 साली त्यांना बायझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन, दरबारानं मोराव्हियात, म्हणजे आजच्या चेक-स्लोवाक बाजूला पाठवलं. तिथल्या स्लाव लोकांसाठी त्यांनी ग्लागोलिती नावाची लिपी घडवली आणि प्रार्थना, धर्मग्रंथ लोकांच्या भाषेत उतरवले. देवाचं स्तवन हिब्रू, ग्रीक आणि लॅटिन या तीनच भाषांत व्हायला हवं, असं म्हणणारे त्या काळी पुष्कळ होते. सिरिलला व्हेनिसमध्ये अशा लोकांशी वाद घालावा लागला. देववाणी सोडून लोकांच्या बोलीत लिहिणाऱ्या संतांच्या मुलुखातून मी आले होते, त्यामुळे हा वाद वाचताना मला परका वाटलाच नव्हता.

885 मध्ये मेथोडियस वारला आणि त्याच्या शिष्यांना मोराव्हियातून हाकलून देण्यात आलं. त्यातले दोघे, क्लिमेंट आणि नाउम, डॅन्यूब ओलांडून बल्गेरियाच्या राजा बोरिसकडे आले. बोरिसनं क्लिमेंटला या दक्षिण-पश्चिमेच्या मुलखात शिकवायला धाडलं. त्याच्या हाताखाली 3500 विद्यार्थी तयार झाले, असं त्याच्या जुन्या चरित्रात म्हटलंय. 893 मध्ये तो बिशप झाला, तेव्हा शाळा नाउमनं सांभाळली. आजची सिरिलिक लिपी क्लिमेंटनं घडवली असं परंपरा सांगते. अभ्यासक तिचं मूळ बल्गेरियातल्या प्रेस्लावकडे नेतात. ग्लागोलिती वळणदार, गोल-त्रिकोणांची, अवघड. सिरिलिक ग्रीक अक्षरांवर बेतलेली, सोपी. हळूहळू सोपीनं अवघडीला बाजूला सारलं. मोडी शिकवताना माझ्यासमोर हेच असतं. ज्या लिपीत आपल्या आज्या-पणज्यांचे व्यवहार झाले, ती दोन पिढ्यांत वाचता येईनाशी होते.

सकाळी आधी संत सोफियाच्या चर्चमध्ये गेलो. 11व्या शतकातलं हे ओह्रिदच्या आर्चबिशपचं मुख्य चर्च. समोरून पाहिलं तर दगड-विटांची लांबलचक दुमजली कमानींची ओवरी, 14व्या शतकात जोडलेली. आत अंधार, गारवा, आणि डोळे सरावले की भिंतींवरून माणसं दिसायला लागतात. गर्भागाराच्या अर्धगोलात येशूची आई मारिया बसली आहे, मांडीवर नव्हे तर पुढ्यात ढालीसारख्या तेजोवलयात बाळ धरून. दोन्ही बाजूंच्या भिंतींवर देवदूतांची रांग तिच्याकडे वाकत चालली आहे. त्यांच्या पाठीचा बाक मला फार आवडला. पंढरपूरला नामदेव पायरीशी वाकणाऱ्या माणसांचा असतो, तसाच.

ही चित्रं आज दिसतात ती एका विचित्र कारणानं. ऑटोमन काळात चर्चची मशीद झाली आणि भिंतींवर चुना फासला गेला. शतकानुशतकं चित्रं चुन्याखाली राहिली. 1950च्या दशकात जाणकारांनी तो चुना हलक्या हातानं काढला तेव्हा खाली 11व्या शतकातले निळे रंग शाबूत होते. चुना लागला नसता तर मेणबत्त्यांच्या काजळीनं आणि पुन्हा पुन्हा रंगवणाऱ्यांच्या हातांनी त्यांचं काय झालं असतं, कोण जाणे. आत फोटो काढायला मनाई आहे. सुरुवातीला हळहळ वाटली, नंतर बरं वाटलं. तासभर नुसतं बघत बसलो.

1961 पासून इथे दर उन्हाळ्यात संगीत महोत्सव भरतो. आम्ही गेलो तेव्हा त्याला अवकाश होता, पण एका बाईनं खांबाजवळ उभं राहून हलकेच एक सूर लावला. तो वर जाऊन जो फिरला, त्यानं सगळेजण बोलायचे थांबले.

दुपारी चढण चढून पेरिव्लेप्ताच्या चर्चला गेलो. पेरिव्लेप्ता हे मारियाचं ग्रीक विशेषण. चर्च 1295 सालचं, बाहेरून बेताचं, आत पाऊल टाकलं की चारी बाजूंनी रंग अंगावर येतात. ही चित्रं मिहाइल आस्त्रापास आणि युतिखिओस या दोघांनी रंगवली. त्या काळी चित्रकार नाव लिहीत नसत. या दोघांनी योद्धा संतांच्या तलवारीवर, वस्त्रांवर अशी नक्षीत दडवून नावं लिहून ठेवली आहेत. तिकीट देणाऱ्या मुलीनं तलवारीवरची अक्षरं बोटानं दाखवली. माझ्या चष्म्यातून ती दिसायला वेळ लागला, पण दिसली. सातशे वर्षांपूर्वीच्या कारागिराचं हस्ताक्षर बघताना मला रडू आलं. मोडी कागदांत एखाद्या कारकुनानं शेवटी कोपऱ्यात आपलं नाव घातलेलं सापडतं तेव्हाही असंच होतं.

इथली चित्रं काजळीनं काळी पडली होती. अलीकडच्या काळात ती स्वच्छ केली गेली आहेत. ख्रिस्ताचा देह क्रुसावरून उतरवल्यानंतरचा शोक ज्या भिंतीवर आहे, तिथे केस मोकळे सोडून आक्रोश करणाऱ्या बाया आहेत, शोकानं खचलेली आई आहे. सोफियातले देवदूत शिस्तीत वाकतात. इथली माणसं रडतात. मधली अडीचशे वर्षं एका सकाळ-दुपारमध्ये चालून आल्यासारखं झालं. ओह्रिदला जाणाऱ्यांना माझं एकच सांगणं : एकाच दिवशी ही दोन चर्चेस बघा, आणि मध्ये तिसरं बघू नका.

समोरच्या आयकॉन संग्रहालयात आम्ही गेलो, पण घाईनं. डोळे भरून गेले होते. लाकडी फळ्यांवर चांदीचं पत्र्याचं कवच चढवलेल्या मारियाच्या प्रतिमा आणि 14व्या शतकातलं देवदूत गॅब्रिएल मारियाला येशूच्या जन्माची वार्ता देतो ते चित्र, एवढंच लक्षात आहे.

तिसरा दिवस, 25 मे

सकाळी लवकर किल्ल्यावर. घरमालकीणबाईंनी बजावलं होतं की दहानंतर ऊन चटके देतं. खालच्या गावातून वरच्या वेशीपर्यंत, गोर्ना पोर्तापर्यंत, चढ चांगलाच आहे. माझ्या गुडघ्यांनी दोनदा विसावा मागितला. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी आयुष्य काढलेल्या बाईला चढाचं भय नाही, पण वय आपलं काम करतंच.

किल्ल्याला सामुइलचा किल्ला म्हणतात. सामुइल 10व्या शतकाच्या अखेरीचा राजा. त्याची राजधानी आधी पलीकडच्या प्रेस्पा तळ्यावर होती, मग ओह्रिदला आली. तटाची लांबी सुमारे 3 किलोमीटर, बुरूज 18. आत पाहायला वाडे, तोफा, टाकी असं काही नाही. गवत, काही पाये, आणि तटावर चढायला दगडी पायऱ्या. आपल्याकडचे किल्ले पाहिलेल्यांना तो रिकामा वाटेल. पण तटावरून चालत कडेला आलं की लाल कौलांचं गाव, मधूनमधून घुमट, आणि त्यापुढे पसरलेलं तळं दिसतं, आणि राजानं ही जागा का निवडली ते समजतं. पूर्वेला गालिचित्सा डोंगर, त्याच्या माथ्यावर मे महिन्यातही बर्फाचे पट्टे.

इथे सामुइलच्याही आधी वस्ती होती. तेव्हा गावाचं नाव लिख्निदोस. अॅड्रियाटिकच्या किनाऱ्यावरून बायझँटियमकडे, म्हणजे आजच्या इस्तंबूलकडे, जाणारा रोमन रस्ता, विया एग्नाशिया, इथूनच जायचा. 2002 मध्ये किल्ल्याच्या आवारात उत्खनन करताना ख्रिस्तपूर्व 5व्या शतकातला सोन्याचा मृत्युमुखवटा सापडला.

सामुइलचा शेवट मात्र मनातून जात नाही. 1014 मध्ये क्लेइदिओनच्या लढाईत बायझंटाइन सम्राट दुसऱ्या बॅसिलनं त्याची फौज पकडली आणि कैद्यांचे डोळे काढले. दर शंभरातल्या एकाला एक डोळा ठेवला, बाकीच्यांना हाताला धरून घरी न्यायला. जुने इतिहासकार हा आकडा 14-15 हजार सांगतात. आजच्या अभ्यासकांना तो फुगवलेला वाटतो. ती रांग परत आलेली पाहून सामुइल कोसळला आणि 6 ऑक्टोबरला वारला, असं सांगतात. तो आमचाच, असं आज बल्गेरियाही म्हणतो आणि उत्तर मॅसेडोनियाही. त्या भांडणात मला पडायचं नाही. मला फक्त तटावर उभं राहून वाटत होतं, ती माणसं आली असतील तेव्हा कुणाच्या आईनं, बायकोनं त्यांना याच चढावर हाताला धरलं असेल का.

किल्ल्यावरून पाइनच्या झाडीतून उतरणारी पायवाट प्लाओश्निकला येते. मी ज्यासाठी आले होते ती ही जागा. क्लिमेंटचा मठ आणि शाळा इथे होती. 916 मध्ये तो इथेच वारला आणि त्यानं स्वतः तयार करून ठेवलेल्या कबरीत त्याला ठेवलं. ऑटोमन काळात चर्चच्या जागी मशीद उभी राहिली आणि लोकांनी त्याच्या अस्थी पेरिव्लेप्ताच्या चर्चमध्ये हलवल्या. म्हणूनच काल पाहिलेल्या त्या चर्चला गावात अजून 'संत क्लिमेंट' म्हणतात. 2002 मध्ये जुन्या पायांवर चर्च पुन्हा बांधलं आणि अस्थी परत आणल्या. जमिनीत जागोजागी काच बसवली आहे, खाली मूळ भिंतींचे दगड दिसतात.

नवं चर्च नवं दिसतं, विटा कोऱ्या वाटतात, हे खरं. त्यावर नाराज असणारेही भेटतात. मी बाहेर झाडाच्या सावलीत बसले. समोर पाणी. शाळा म्हणजे दगडी वर्ग असतीलच असं नाही, अशा झाडाखालीच पोरं बसली असतील, मेणाच्या पाटीवर नाही तर मातीत अक्षरं काढत. चाळीस वर्षं मी 'अ' गिरवायला लावलाय. पहिल्यांदा स्वतःचं नाव लिहिता आल्यावर पोराचा चेहरा कसा होतो ते मला माहीत आहे. ज्या भाषेत आजवर कुणी काही लिहिलंच नव्हतं, त्या भाषेत आपलं नाव लिहिणाऱ्या पोराचा चेहरा कसा झाला असेल?

बहीण तेवढ्यात हाका मारत आली. "ताई, चल, तुला काही दाखवते." शेजारीच ख्रिस्ती धर्माच्या सुरुवातीच्या काळातल्या बॅसिलिकेचे अवशेष आहेत, जमिनीवर रंगीत खड्यांचं मोझेइक. पक्षी, वेली, आणि एका पट्ट्यात ओळीनं स्वस्तिकं. आपल्या दाराच्या उंबऱ्यावर कुंकवानं काढतो तशी, फक्त रांगेनं. दीड हजार वर्षांपूर्वी बाप्तिस्म्याच्या जागी ती कुणीतरी शुभ म्हणूनच घातली असणार.

तिथून खाली कड्यावर कानेओचं संत जॉनचं चर्च. ओह्रिदच्या प्रत्येक पोस्टकार्डावर असतं ते हेच. 13व्या शतकातलं, छोटंसं, कड्याच्या टोकावर, खाली सरळ पाणी. गर्दी होती, फोटोसाठी रांग होती. आम्ही मागच्या उंचवट्यावर जाऊन बसलो आणि दाण्याची चिक्की खाल्ली. संध्याकाळी गर्दी गेल्यावर परत आलो तेव्हा घुमटाच्या विटा तांबूस झाल्या होत्या आणि खाली एक माणूस एकटाच पोहत होता.

चौथा दिवस, 26 मे

बंदरावरून संत नाउमला बोट जाते, जवळपास दोन तास. सकाळी वारा होता, म्हणून निघायला उशीर झाला. सुटल्यावर मात्र पाणी शांत झालं. काठानं जाताना गालिचित्साचे कडे सरळ पाण्यात उतरलेले दिसतात. मधेच ट्रपेयत्सा नावाचं कोळ्यांचं गाव. बोटीवरचा तरुण सांगत होता की इथली कोरान नावाची ट्राउट दुसरीकडे कुठे होत नाही. हे तळं 13 लाख वर्षांहून जुनं आहे, युरोपातलं सर्वांत जुनं. एवढा काळ एकाच जागी टिकल्यामुळे 200च्या वर प्रजाती फक्त इथेच आहेत : मासे, गोगलगायी, स्पंज. कोरान फार पकडली गेल्यानं मध्यंतरी तिच्या मासेमारीवर बंदी घालावी लागली होती. बहिणीनं ते ऐकून पुढे ती मागवलीच नाही.

संत नाउमचा मठ तळ्याच्या दक्षिण टोकाला, अल्बेनियाच्या सीमेला चिकटून. 905 मध्ये नाउमनं तो बांधला, 910 मध्ये तो वारला. 1925 पर्यंत ही जागा अल्बेनियात होती, मग युगोस्लाव्हियाला मिळाली. आवारात शिरताना पहिल्यांदा ऐकू आली ती केका. मोर! भिंतीवर, गवतात, चर्चच्या दारात मोर. काही पांढरेही. आपला देश सोडून महिना झाला होता, आणि इथे मे महिन्यात पिसारा फुलवून नाचणारा मोर. आमच्या शेतावर वळिवाच्या आधी ओरडतात तसाच तो ओरडत होता.

चर्च लहान. चित्रांत एक गमतीशीर कथा आहे : अस्वलानं नाउमचा बैल खाल्ला, म्हणून नाउमनं अस्वलालाच गाडीला जुंपलं. बाजूच्या खोलीत त्याची कबर. दगडाला कान लावला की संताच्या हृदयाची धडधड ऐकू येते, असं म्हणतात. लोक रांगेनं वाकत होते. मनाच्या आजाराची माणसं पूर्वी इथे आणून ठेवत. माझ्या पुढे एक आई आपल्या मोठ्या मुलाला घेऊन आली होती. त्यानं कान लावला आणि बराच वेळ काढलाच नाही. कुणी घाई केली नाही. मग मी वाकले. धडधड ऐकू आली. माझ्या कानातली की दगडातली, याचा विचार मी केला नाही.

मठामागे झरे आहेत, आणि या प्रवासात मला सगळ्यात जास्त नवल वाटलं ते त्यांचं. गालिचित्साच्या पलीकडे प्रेस्पा तळं आहे, ओह्रिदपेक्षा सुमारे 150 मीटर उंचावर. डोंगर चुनखडीचा, आतून पोकळ भेगांचा. प्रेस्पाचं पाणी त्या भेगांतून डोंगराच्या पोटातून वाहत इकडे येतं आणि इथे जमिनीतून वर फुटतं. वल्ह्याच्या होडीतून एक म्हातारे गृहस्थ आम्हाला तिथे घेऊन गेले. पाणी इतकं नितळ की होडी हवेत तरंगते आहे असं वाटावं. खाली वाळू सारखी उसळत होती, जशी उकळणाऱ्या भाताच्या भांड्यात शितं वरखाली होतात. हात बुडवला तर बोटं बधिर झाली. म्हाताऱ्यांनी ओंजळ भरून प्यायले आणि आम्हालाही खूण केली. मीही प्यायले.

त्यांनी फोनवरच्या भाषांतरातून एक गोष्ट मात्र सांगितली. प्रेस्पाची पातळी गेल्या काही दशकांत कित्येक मीटर खाली गेली आहे. वरचं तळं आटलं तर खालच्याचं काय? इकडे ओह्रिदच्या काठावरही नवी बांधकामं वाढली आहेत. निसर्गासाठी 1979 मध्ये आणि संस्कृतीसाठी 1980 मध्ये ओह्रिद जागतिक वारसा झालं, 2019 मध्ये अल्बेनियाचा भागही त्यात आला. तो दर्जा धोक्यात येण्याची चर्चाही होते. महाबळेश्वर-पाचगणी वाढताना पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. पोटात कालवतं.

परत येताना बसनं आलो आणि वाटेत 'हाडांच्या खाडी'ला उतरलो. पाण्यात खांब रोवून त्यावर प्राचीन काळी वस्ती होती, तळाशी हजारो खांबांचे बुंधे सापडले. त्याची प्रतिकृती बांधली आहे. चांगली आहे, पण दिवसभराच्या थकव्यात आम्ही वीस मिनिटांत बाहेर पडलो.

पाचवा दिवस, 27 मे

सकाळपासून पाऊस. घरमालकीणबाईंनी ग्योम्लेझे केलं होतं. पिठाचं पातळ मिश्रण भांड्यात एक थर ओतायचं, वर 'साच' नावाचं निखाऱ्यांनी तापवलेलं झाकण ठेवायचं, थर भाजला की पुढचा. तासन्‌तास चालतं. गोव्याच्या बिबिंक्याचीच रीत, फक्त हे गोड नाही. त्यांच्याकडे पहाटे पाचपासून झाकण वर-खाली चाललं होतं, आमच्यासाठी.

पाऊस थोडा ओसरल्यावर हातकागदाच्या कार्यशाळेत गेलो. लाकडाचा लगदा पाण्यात ढवळून चाळणीवर घेतात, दाबतात, वाळवतात. गुटेनबर्गच्या छापखान्यासारखं लाकडी यंत्रही तिथे आहे. मी कोऱ्या कागदाचे चार ताव घेतले. विकायला ओह्रिदचे मोतीही सगळीकडे असतात. हे शिंपल्यात होत नाहीत. प्लाशित्सा नावाच्या छोट्या माशाच्या खवल्यांपासून चमकदार लेप बनवून शंखाच्या मण्यावर थर चढवतात. लेपाची कृती काही घराण्यांनीच जपली आहे. बहिणीनं सुनेसाठी कानातली घेतली.

दुपारी स्त्रुगाला गेलो, बसनं अर्धा तास. तळ्याचं पाणी इथून त्सर्न द्रिम नदी होऊन बाहेर पडतं. पुलावर उभं राहिलं की निळं तळं हिरवी नदी होताना दिसतं. पूर्वी ईल मासे या नदीतून समुद्रात आणि तिथून अटलांटिक ओलांडून सारगासो समुद्रापर्यंत अंडी घालायला जायचे आणि त्यांची पिल्लं परत यायची. 1960च्या दशकात नदीवर धरणं झाली आणि ती वाट बंद झाली.

याच पुलांवर दर ऑगस्टमध्ये कवितासंध्या भरतात. जगभरचे कवी येतात, लोक दोन्ही काठांवर उभे राहून ऐकतात. इथला सुवर्णमुकुट 1983 मध्ये आपल्या अज्ञेयांना मिळाला होता. सन्मानित कवींनी झाडं लावायची अशी इथली पद्धत. त्या बागेत आम्ही छत्री घेऊन पाट्या वाचत हिंडलो. पाऊस वाढला आणि अज्ञेयांची पाटी शोधायची राहून गेली, ही एक रुखरुख आहे.

निघताना, 28 मे

बस सातची होती. सहाला घरमालकीणबाई कॉफी घेऊन वर आल्या. काल घेतलेल्या कागदाचा एक ताव मी काढला आणि त्यांना त्यांचं नाव लिहायला सांगितलं. त्यांनी सिरिलिकमध्ये लिहिलं, शाळेतल्या मुलीसारखं, जीभ ओठाबाहेर काढून. मग मी खाली आधी एक सरळ आडवी रेघ ओढली आणि तिला लोंबकळत मोडीत त्यांचंच नाव लिहिलं. हात न उचलता. त्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला, रेघेवरून बोट फिरवलं आणि विचारलं, अजून लोक असं लिहितात का?

थोडेच, मी म्हटलं.

शिकवता?

हो.

त्यांनी कागदाची घडी घातली नाही. कोपऱ्यातल्या संत क्लिमेंटच्या छोट्या आयकॉनमागे तो उभा सरकवला आणि आमच्या हातातली जड बॅग घेऊन पायऱ्या उतरायला लागल्या. एदेन, द्वा, त्री. बहीण मागून मोजत होती.